छत्री उघडी तर ताडपत्री नको

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला ट्रकवाला मेहुणा असू नये, असं माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे. गणिताच्या मास्तराला असला तर चालेल. मराठीच्या मास्तराला तर दोन असावेत, कारण ट्रकच्या मागे लिहायला ओळी लागतात. पण भूगोलाच्या मास्तराकडे असा मेहुणा आला की तो चपला काढायच्या आधी विचारतो, "दाजी, आज पाऊस हाय का?" यावर मला फक्त मोसमी वारे कसे वाहतात ते सांगता यायचं, आणि तेही आठवीच्या पुस्तकात आहे तेवढंच.

माझा मेहुणा कुंदन. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यानं जुना ट्रक घेतला आणि विंचूरच्या कोंडाजी शेठचा कांदा वाशीच्या बाजारात नेऊ लागला. नोकरी सोडताना त्यानं सगळ्या नातेवाइकांचा सल्ला घेतला होता. सगळे म्हणाले, सोडू नको. मी एकटा म्हणालो, सोड. त्यामुळे त्या ट्रकचं पुढे जे काही होईल त्याला जबाबदार कोण, हे छायानं, म्हणजे माझ्या बायकोनं आणि त्याच्या थोरल्या बहिणीनं, त्याच दिवशी पाहुण्यांसमक्ष जाहीर करून टाकलं.

आता कांद्याचं दुखणं असं की त्याला पाऊस चालत नाही आणि पावसापासून वाचवलेलंही चालत नाही. उघडा नेला आणि वाटेत सर आली, तर गोण्या भिजून कांदा सडतो. बरं, ताडपत्री टाकून नेला आणि ऊन पडलं, तर आतल्या आत शेकून त्याला घाम फुटतो आणि वाशीला गोणी उघडणारा दोन पावलं मागे सरकतो. एप्रिल-मेच्या दिवसांत सकाळी कडक ऊन आणि दुपारनंतर कुठून तरी वळीव, असा प्रकार असतो. तेव्हा ताडपत्री टाकायची की नाही, एवढ्या एका प्रश्नावर आमच्या सासुरवाडीचं सगळं बरंवाईट येऊन ठेपलं होतं.

कुंदननं दोन्ही चुका करून पाहिल्या. एकदा ताडपत्री टाकली, तर इगतपुरीपर्यंत रणरणतं ऊन. पुढच्या खेपेला टाकली नाही, तर घोटीपाशी गारा. कोंडाजी शेठनं त्याला समोर बसवून चहा पाजला आणि म्हणाला, "पोरा, एकदा तू माझा कांदा उकडून नेला. एकदा धुवून नेला. आता तिसऱ्यांदा फोडणी घालून नेऊ नको. नेला तर माझा माल दुसऱ्याच्या गाडीत." शेठचा माल गेला की ट्रक विकायचा, आणि ट्रक विकला की पुन्हा सातपूर. तिथे तोच फोरमन होता, ज्याला नोकरी सोडताना कुंदननं मनात साठलेलं सगळं एका दमात ऐकवलं होतं.

हे सगळं २००१च्या उन्हाळ्यातलं. तेव्हा मोबाइल हा लग्नाला घालून जायचा दागिना होता, तो ट्रकवाल्याच्या खिशात कुठून असणार? शाळेला सुट्टी लागली होती. छाया म्हणाली, "सोड म्हणालात ना? आता बघा." मी बघायला लागलो.

सुरुवात अगदी साधी होती. मुंबईच्या हवामान कार्यालयात रोज फोन करायचा आणि अंदाज विचारायचा. तिथले गृहस्थ फार सज्जन. रोज न कंटाळता सांगायचे, "नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरींची शक्यता." मी ते जसंच्या तसं विंचूरच्या टेलिफोन बूथवर थांबलेल्या कुंदनला सांगायचो.

"दाजी, तुरळक ठिकाण म्हणजे कुठं? कसाऱ्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"तसं नसतं रे. तुरळक म्हणजे कुठेतरी."

"मग मी ताडपत्री कुठंतरी टाकू का?"

अंदाज समजावून घ्यायला मला बरेच दिवस लागले. ते गृहस्थ मला चिकाटीनं शिकवायचे: आज समुद्राकडून दमट वारं आत येतंय, घाटावर ढग चढतील, दुपारनंतर बघा. मला ते पटायला लागलं, इतकंच नव्हे तर बरोबरही यायला लागलं. पण दुसरीच अडचण उभी राहिली. कुंदन बारा वाजता विंचूर सोडायचा आणि दुपारचा ताजा अंदाज त्यानंतर यायचा. तो त्याला कळवायचा कसा? आमची गोदाई अपार्टमेंट मुंबई हायवेला अगदी लागून आहे. विंचूरकडचे सगळे ट्रक द्वारकेवरून आमच्या समोरून जातात आणि पुढे पाथर्डी फाट्यावर चहाला थांबतात. तेव्हा गच्चीवर काठी उभारून निशाण लावायचं, म्हणजे ते बघून फाट्यावर ताडपत्री टाकता येईल, असं मी ठरवलं. लहानशी काठी आणि हातभर फडकं, यात अडचण ती काय?

सोसायटीचे सचिव गायधनी हे नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझा अर्ज आधी उजेडासमोर धरून पाहिला. ही त्यांची जुनी सवय. मग विचारलं, काठीवर वीज पडली तर? काठी खाली पडली तर? आणि समजा निशाण लावूनही पाऊस आला नाही तर रहिवाशांनी कोणाकडे बघायचं? त्यासाठी सभा झाली. सभेत काठीपेक्षा पार्किंगवर जास्त बोलणं झालं. शेवटी ठराव झाला की "पाऊस पडल्यास अथवा न पडल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही." माझ्या माहितीप्रमाणे असा ठराव करणारी आमची सोसायटी एकटीच असावी.

मग रंगाचा प्रश्न आला. लाल निशाण लावलं, तर दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, मोर्चा कधी आहे? भगवा, हिरवा, निळा हे तर आधीच वाटून झालेले. पांढरं लावलं, तर समोरच्या बंगल्यातल्या बाई कोण गेलं ते विचारायला आल्या. काळं लावलं त्या दिवशी हवालदार वर आला आणि कसला निषेध आहे ते लिहून द्या म्हणाला. मी त्याला पाऊण तास कांदा समजावला. तो शेवटी म्हणाला, "मास्तर, माझ्या भावाची द्राक्षं हायेत पिंपळगावला. तिकडचं बी सांगत जा."

निशाणाचा नाद सोडून मी आमची मोराच्या चित्राची चादर दोरीवर टाकायचं ठरवलं. चादर दिसली की ताडपत्री टाका. ट्रकवाल्यांमध्ये हे तोंडोतोंडी झालं, आणि चारदोन दिवस ठीक चाललं. मग रविवार उजाडला. लख्ख ऊन बघून आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या बायकांनी चादरी धुऊन वाळत घातल्या. इतक्या चादरी बघून ट्रकवाल्यांना वाटलं, आज प्रलय आहे. त्यांनी दोन-दोन ताडपत्र्या टाकल्या. कुंदनचा ट्रक स्प्रिंगचा पाटा तुटून विंचूरलाच उभा होता, म्हणून तो वाचला. बाकीच्यांचा कांदा इतका शेकला की दुसऱ्या दिवशी चौघे जण माझा पत्ता विचारत वर आले.

त्यांच्यातला सहादू म्हणून एक जाणता ड्रायव्हर होता. तो रागावलेला नव्हता, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. तो म्हणाला, "सर, तुमची चादर राहू द्या. आम्ही आपली ती छत्री बघत जाऊ."

छत्री म्हणजे गोजराबाईंची. गोजराबाई पहिल्या मजल्यावर राहतात. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा होता, पोरांनी इकडे फ्लॅट घेतला तेव्हा त्या इथे आल्या आणि मळ्याऐवजी गच्ची चालवू लागल्या. उन्हाळ्यात सगळ्या बिऱ्हाडांच्या कुरडया गच्चीवर त्यांच्या देखरेखीखाली वाळायच्या. कावळे येऊ नयेत म्हणून त्या मधोमध बांबूला एक जुनी, भली मोठी काळी छत्री उघडून बांधायच्या. ती हायवेवरून स्पष्ट दिसायची. छत्री उघडी, म्हणजे कुरडया पडल्यात. कुरडया पडल्यात, म्हणजे आज पाऊस नाही. छत्री उघडी तर ताडपत्री नको, छत्री मिटलेली तर टाका. पाऊस नसताना उघडायची छत्री जगात बहुधा हीच असेल.

"म्हणजे हवामान खात्यापेक्षा तुमचा कुरडईवर विश्वास?" मी जरा तडकून विचारलं.

"तसं नाय सर," सहादू म्हणाला. "पण वहिनी कुरडया घालत्यात म्हणजे तुम्हाला इचारूनच घालत असतील ना. घरात भूगोलाचे मास्तर हायेत."

यावर मी छायाकडे पाहिलं. चहा घेऊन आलेल्या छायानं कप भराभर वाटून टाकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण छायानं मला "आज पाऊस येईल का हो" असं एकदाही विचारलेलं नव्हतं. ती मुंग्या बघायची, गुडघा दाबून बघायची, गोजराबाईंना विचारायची, एकदा तर दूधवाल्याला विचारलं होतं.

कुंदनही तेव्हापासून छत्रीच बघू लागला. आणि मग तो दिवस आला. सकाळी अंदाज कोरडा होता. कुंदनचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "काही नाही, उघडा ने." तो म्हणाला, "दाजी, शेठ स्वतः गोण्या भरायला उभे हायेत. ही खेप नीट गेली तर सगळा उन्हाळा माझा. नाय तर मग तुम्हाला ठाव हायच." तो निघाला, आणि थोड्या वेळानं मुंबईच्या त्या गृहस्थांचा आपणहून फोन आला. आजवर मीच त्यांना करायचो. म्हणाले, "सर, चित्र बदललंय. पश्चिमेकडे ढग फार झपाट्यानं वाढताहेत. दुपारनंतर घाटाच्या बाजूला तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस, वादळी वारा. तुमच्या त्या ट्रकवाल्यांना सांगा."

मी गच्चीवर धावलो. वर आभाळ निळंभोर, उन्हानं पाय पोळताहेत, आणि गच्चीभर ओल्या पांढऱ्या कुरडया पसरलेल्या. मधोमध छत्री टेचात उघडी. सावलीला गोजराबाई बसलेल्या.

"गोजराबाई, छत्री मिटा. पाऊस येतोय."

त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कुठं हाय पाऊस? सर, तुम्हाला ऊन लागलं का? तीन दिस गहू भिजवलाय, वाटलाय, चीक शिजवून आमचे हात भरून आलेत. छत्री मिटली की कावळे आलेच. कावळे तुम्ही हाकणार का?"

"हाकतो," मी म्हणालो.

स्कूटर काढून सरळ पाथर्डी फाट्यावर का गेलो नाही, असं तुम्ही विचाराल. माझी स्कूटर गॅरेजात होती. ती कधी नव्हती? आणि हायवेवर उभं राहून हात केला की ट्रकवाला लिफ्ट मागतोय असं समजून वेग वाढवतो, हेही मी आधी करून पाहिलेलं होतं.

तर मी छत्री मिटली आणि तिच्या जागी उभा राहिलो. एका माध्यमिक शाळेतला ज्येष्ठ शिक्षक भर दुपारी डोक्याला पंचा बांधून दोन्ही हात हलवत "हा हा हुश" करतोय, हे दृश्य समोरच्या बंगल्यातल्या लोकांनी खुर्च्या आणून पाहिलं. कावळा विद्यार्थ्यासारखाच असतो. हा माणूस नुसते हात हलवतो, मारत नाही, हे त्याला पहिल्या तासालाच कळतं. एक कावळा तर माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसून सावकाश खात होता. खालून जाणारे ट्रकवाले मला बघून हात हलवायचे. मी हलवतोय म्हणून ते हलवत होते. मी पाणी प्यायला वळलो की गोजराबाई छत्री उघडायच्या, मी आलो की मिटायचो. त्या दिवशी आमच्यासमोरून गेलेल्या काही ट्रकांवर ताडपत्री अर्धीच टाकलेली होती, असं नंतर फाट्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं.

शेवटी गोजराबाईंनी छत्री उघडली आणि दांडा घट्ट धरून ठेवला. मी दुसऱ्या बाजूनं धरला. वयानं मोठ्या बाईशी छत्रीवरून ओढाताण करायची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात द्वारकेच्या बाजूनं कुंदनच्या ट्रकचा हॉर्न वाजला. तो हॉर्न आम्हाला घरात बसूनही ओळखू येतो, म्हशीनं हंबरावं तसा. दांडा न सोडता मी कठड्यापलीकडे पाहिलं. सिग्नलला ट्रक उभा होता, मागे उघड्या गोण्या लाल-लाल दिसत होत्या, आणि माझ्या डोक्यावर छत्री उघडी होती.

छाया कधी वर आली ते कळलं नाही. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी घामानं निथळत होतो, नाक सोललं होतं, पंचा गळ्यात आला होता. मग ती गोजराबाईंना म्हणाली, "मावशी, छत्री मिटा."

"अगं पण आभाळात ढग तरी हाय का?"

"नाही. पण हा माणूस मे महिन्यात दुपारी कोथिंबीर आणायलासुद्धा खाली उतरत नाही. तो दोन तास उन्हात उभा आहे. म्हणजे पाऊस येणार."

हवामानशास्त्रात ही पद्धत कुठे शिकवत नाहीत. पण तिनं छत्री आमच्या दोघांच्या हातातून काढून घेतली, मिटली, आणि आमची मोराची चादर आणून गोजराबाईंच्या कुरडयांवर पसरली. "तुमच्या झाकल्या, मावशी. कावळ्यांना माझ्या खाऊ द्या." असं म्हणून ती कठड्यापाशी जाऊन खाली बघत उभी राहिली. सिग्नल सुटला, ट्रक हलला, आणि आमच्या समोरून जाताना हॉर्न दोनदा वाजला.

यानंतर पाऊस यायला हवा होता. आला नाही. चार वाजता ऊन, पाच वाजता ऊन. छायाच्या कुरडयांचा कावळ्यांनी फडशा पाडला. गोजराबाईंच्या कुरडयांना चादरीवरच्या मोराचा निळा रंग लागला. त्या नुसत्या एकेक कुरडई उचलून उजेडात धरून पाहत होत्या. गायधनी वर येऊन ठरावाची आठवण करून गेले. समोरच्या बंगल्यातल्यांनी खुर्च्या आत नेल्या. मी खाली येऊन फोनशेजारी बसलो. वर उघड्यावर ऊन असताना आत ताडपत्रीखाली कांदा शेकतोय, असं मला खुर्चीत बसल्या बसल्या दिसत होतं. छाया स्वयंपाकघरात भांडी घासत होती. भांडी आधीच घासलेली होती.

साडेसहाच्या सुमारास फोन वाजला. छाया माझ्या आधी पोचली, पण रिसीव्हर तिनं माझ्या हातात दिला.

"दाजी!" मागे इतका आवाज होता की कुंदन ओरडत होता. "दाजी, ते तुरळक ठिकाण सापडलं!"

"कुठे?"

"कसाऱ्याच्या घाटात! अवो, काय पाऊस, काय वारा! समोरचं बोनेट दिसत नव्हतं. मी खर्डीला थांबलोय. आत हात घालून पाहिलं, गोण्या खडखडीत कोरड्या! सहादूतात्या मागंच हाय, त्याचा बी कोरडा. ज्यांनी अर्धी टाकली त्यांचा अर्धा कोरडा. ताईला सांगा. छत्री मिटताना मी तिला पाहिलं होतं."

मी फोन छायाला दिला. ती नुसती "हं... हं... जेवलास का?" एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला विचारलं, "नाकाला काही लावलं का तुम्ही? साल निघालंय."

कोंडाजी शेठचा निरोप दुसऱ्या दिवशीच आला: उन्हाळाभर माल कुंदनच्याच गाडीत. शिवाय मास्तरांच्या गच्चीवर रोज कुरडया राहतील एवढी व्यवस्था करावी, गहू आम्ही पाठवतो. गोजराबाईंनी गहू ठेवून घेतला. निळ्या कुरडया त्या वर्षभर पाहुण्यांना तळून वाढत होत्या आणि दर वेळी सगळी हकीकत सांगत होत्या. त्यांच्या सांगण्यात छत्री त्यांनी स्वतःच मिटली होती. मी कधी खोडून काढलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते चौथ्या दिवसाचं. छायानं पुन्हा गहू भिजवला होता, चीक तयार होता, सोऱ्या धुवून ठेवला होता. सकाळी मी पेपर वाचत होतो. ती दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत, जरा इकडेतिकडे बघत.

"अहो," ती म्हणाली, "आज घालू का कुरडया?"

मी पेपर खाली ठेवला. आभाळ निरभ्र होतं. एकही मुंगी दिसत नव्हती. तरी मी उठलो, मुंबईला फोन लावला, त्या गृहस्थांशी वाऱ्याबद्दल, दमटपणाबद्दल, घाटावरच्या ढगांबद्दल नीट बोललो, आणि मग आत येऊन म्हणालो, "घाल."

तिनं घातल्या. गोजराबाईंनी छत्री उघडली, आणि खालून जाणाऱ्या ट्रकांनी ताडपत्र्या घडी करून ठेवल्या. मी मात्र दिवसभर गच्चीवरच होतो, उगीच. कावळे हाकत होतो.